हात कुठे थांबला

तायडेबाबूंच्या वर्गाला जाताना वही विसरली तरी चालायचं, पण हात मोकळे लागायचे. देऊळघाटात त्यांच्या घरासमोर टिनाचं एक शेड होतं. दर रविवारी सकाळी नऊला आम्ही दहा-बारा जण तिथे सतरंजीवर गोल करून बसायचो आणि प्रत्येकाच्या पुढ्यात भुईमुगाच्या शेंगांचा ढीग पडायचा. आपण नाटक लिहायला शिकायला आलोय की चटणीच्या कारखान्यात कामाला, असा प्रश्न मला पहिल्याच दिवशी पडला. शेजारी रफिक नावाचा एक वेल्डर बसला होता. तो वर्षभर आधीपासून येत होता, म्हणून मी त्याला हळूच विचारलं.

"दोन्ही हाय, मॅडम," तो म्हणाला. "फोडा गुपचूप."

शेंगा पंचफुलाकाकूंच्या. काकू म्हणजे बाबूंच्या पत्नी. त्या शेंगदाण्याची चटणी करून बुलढाण्याच्या दुकानांत द्यायच्या आणि त्यांना आठवड्याला पोतंभर शेंगा फोडून हव्या असायच्या. वर्ग फुकट होता, चहा फुकट होता, तेव्हा शेंगा फोडायला कुणाची ना नव्हती. पण बाबूंनी त्या शेंगांना ज्या कामाला लावलं होतं, ते मला समजायला दोन-तीन रविवार जावे लागले.

रीत अशी होती. ज्याचं लिखाण असेल त्याने ते स्वतः वाचायचं नाही, दुसऱ्यांनी वाचायचं. लेखकाने आमच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसायचं आणि शेंगा फोडायच्या. बाकी सगळ्यांनी शेंगा फोडत ऐकायचं. बाबू एका बुटक्या स्टुलावर सगळ्यांच्या समोर बसायचे. त्यांच्या मांडीवर लिखाणाची दुसरी प्रत आणि हातात लाल पेन्सिल. वाचणाऱ्याकडे अधूनमधून नजर टाकत तेवढीच, ऐकणाऱ्यांच्या तोंडाकडे ते पाहत नसत, हातांकडे पाहत. वाचन चालू असताना टरफलांचा चटचट आवाज एका लयीत चालू राहायचा, आणि मधेच कुठेतरी एखाद्याचा हात शेंगेसकट हवेत थांबायचा. बाबू तिथे समासात एक खूण करायचे. दोन हात थांबले तर दोन खुणा.

"तोंडाले खोटं बोलता येते," ते म्हणायचे. "तुमचं लिखाण आवडलं, असं तोंड म्हणून देते. हाताले नाही जमत ते."

वर्ग संपला की काकू टोपलं न्यायला येत आणि किती शेंगा उरल्या ते पाहत. जास्त उरल्या तर त्यांचा आठवड्याचा हिशेब चुकायचा, तरी त्या खूश दिसायच्या. सगळ्याच फुटलेल्या असल्या की मात्र त्या सतरंजीवर नजर फिरवून विचारायच्या, "आज कोणाचं व्हतं वो?" आणि ज्याचं असेल तो मान खाली घालायचा.

बाबू आता नाहीत. त्यांना जाऊन दोन पावसाळे झाले. पण कुठेही नाटक बघायला गेले की मी अजून रंगमंचाऐवजी पुढच्या रांगेतल्या माणसांचे हात पाहते. कुणी मोबाइल चाळतंय, कुणी पदराचं टोक गुंडाळतंय, आणि मग एकदम काहीतरी होऊन ते थांबतात. अशा वेळी बाबूंची फार आठवण येते.

त्यांना कुणी सर म्हटलेलं चालत नसे. "सर खुर्चीवर बसत. मी खाली बसून टाइप करो," असं ते सांगायचे. जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या तालुक्यांच्या कोर्टांत त्यांनी तीसेक वर्षं साक्षी टाइप केल्या होत्या. म्हणून बाबू. नोकरीत असताना गावच्या बुद्धविहारात जयंतीला एकांकिका बसवायचे, निवृत्त झाल्यावर हा वर्ग सुरू केला. नाट्यशास्त्राचा एकही शब्द त्यांच्या तोंडी नसायचा. त्यांची सगळी परिभाषा कोर्टातली. रंगसूचना म्हणजे पंचनामा. "पंचनामा लांबला तुहा. खोलीत कपाट हाय, घडी हाय, कॅलेंडर हाय, अन् माणूस कुठी हाय?" चर्चा म्हणजे उलटतपासणी, पण तिच्यात फक्त प्रश्न विचारायचे, शेरे मारायचे नाहीत. लेखकाने उत्तर द्यायचं, पण स्वतःची वकिली करायची नाही. आणि प्रवेश जमला नसेल तर ते कधीच "जमला नाही" म्हणत नसत. "याले पुढची तारीख देऊ," म्हणत. माझ्या एका प्रवेशाला त्यांनी सात तारखा दिल्या. सातव्या तारखेलाही त्यांचा आवाज पहिल्या तारखेइतकाच मऊ होता.

दुसऱ्याचं ऐकताना त्यांची बोटं मांडीवर टाइप करत राहायची. कुणी घरची रडकथा सांगत असलं तरी बोटं चालू. वाक्य संपलं की डावा हात हवेत जरासा उजवीकडे सरकायचा, यंत्राचा रूळ पुढच्या ओळीवर न्यावा तसा. नव्या माणसाला वाटायचं यांना काही आजार आहे. मला तर सुरुवातीला रागच यायचा. मी विज्ञान शिकवणारी शिक्षिका, वर्गात मुलं बोटं वाजवायला लागली की दम भरायची सवय, आणि इथे सत्तरीचा माणूस तेच करतोय.

आणखी एक खोड होती. मागून हाक मारलेली त्यांना खपत नसे. ओ म्हणून द्यायचे नाहीत. समोर जाऊन बोललं तरी, "तोंड इकडं करून बोल, मास्तरीण. बोलताना माणसाकडे पाहाव," असं बजावायचे. मला ती त्यांची शिकवण वाटली. घरी जाऊन मी वहीत लिहूनही ठेवली होती.

मी पहिलं लिखाण नेलं तेव्हाची गोष्ट सांगते. नाटकाचं नाव असं होतं की ते आज सांगायला लाज वाटते. मुलीची शाळा सुटते म्हणून तिची आई नवऱ्याला जाब विचारते, असा प्रवेश होता. आई शेतमजूर. ती म्हणते, "माझ्या स्वप्नांचा असा चुराडा करण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?" लिहिताना माझेच डोळे भरून आले होते. मी भिंतीकडे तोंड करून बसले. पाठीमागे वाचन चालू झालं आणि टरफलांचा आवाज एवढा वाढला की जणू सगळ्यांना बस पकडायची होती. मधे एकदाही खंड नाही.

वाचन झाल्यावर बाबूंनी मला आपल्याकडे वळायला सांगितलं आणि विचारलं, "मास्तरीण, हे बाई कुठची?"

"आपल्याच भागातली."

"बरं. तुह्या मायले राग आला का ते काय म्हणते?"

"माझी आई काही म्हणत नाही," मी जरा फणकाऱ्यानेच म्हणाले. "भांडी घासायला बसते. घासून ठेवलेली भांडी पुन्हा काढते आणि घासते. मग वडील घराबाहेर जाऊन बसतात."

रफिकने मला कोपराने ढोसलं आणि डोळ्यांनी खुणावलं. मी बाकीच्यांकडे पाहिलं. सगळ्यांचे हात थांबले होते.

"याले पुढची तारीख," बाबू म्हणाले आणि माझी प्रत परत दिली. समासात एकही लाल खूण नव्हती. मात्र शेवटच्या पानाच्या मागे, कोऱ्या जागेत, त्यांनी मोठी फुली मारून शेजारी लिहिलं होतं, 'भांडे'.

रफिकचं असंच. त्याने दोन भावांचं नाटक लिहिलं होतं. बाप गेल्यावर घराची वाटणी होते आणि भाऊ भांडतात. भांडण चांगलं पाच पानी होतं, शिव्या अस्सल होत्या, पण शेंगा फुटत होत्या. मग एका ठिकाणी धाकटा भाऊ बोलता बोलता थांबतो आणि विचारतो, "चाय झाली का तुही?" थोरला म्हणतो, "नाही." आणि पुन्हा भांडण सुरू. त्या "नाही"वर चार हात थांबले. रफिकला पटेचना. ती दोन वाक्यं त्याने पान भरावं म्हणून घातली होती.

"जे इचारलं त्याचं उत्तर देते तो साक्षीदार," बाबू म्हणाले. "माणूस भलतंच सांगते. हा घर मागून राह्यला, पण त्याले घर नाही पाहिजे. त्याले..." आणि ते मधेच थांबले. कपाळावर हात मारून घेतला. "नाही. मी बोलून गेलो. हे कामकाजातून काढून टाका. रफिक, तू इसर मी काय बोललो ते."

हे त्यांचं नेहमीचं. काही समजावून सांगितलं की त्यांना अपराधी वाटायचं, आणि लगेच ते आपलं बोलणं कामकाजातून काढून टाकायचे. आम्ही अर्थातच तेवढंच लक्षात ठेवायचो.

एवढ्या सगळ्यांना लिहितं करणाऱ्या माणसाचं स्वतःचं नाटक मात्र कुणी ऐकलं नव्हतं. स्टुलाखाली लाल फितीने बांधलेली एक फाइल कायम असायची. ती त्यांची, हे सगळ्यांना माहीत होतं. रफिक तिला "बाबूंची पेंडिंग केस" म्हणायचा. एका रविवारी पाऊस लागला आणि तिघे-चौघेच आलो, तेव्हा त्याने धीर करून विचारलं, "बाबू, तुमची तारीख कधी?"

बाबूंनी स्टुलाखालची फाइल काढून मांडीवर घेतली. मग त्यांनी सांगितलं.

नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षातली गोष्ट. एका शेतावर थ्रेशरमध्ये सापडून एक मजूर गेला होता. मालकाचं म्हणणं, त्याला आपण कामावर बोलावलंच नव्हतं, तो आपणहून आला. मजुराची बायको साक्षीला उभी राहिली. सोनाळ्याची, नाव यशोदा. तिला विचारलं, मालकाने बोलावलं तेव्हा तू तिथे होतीस का? ती बोलायला लागली. दहा मिनिटं बोलत होती. न्यायाधीश साहेबांनी ऐकून घेतलं, अडवलं नाही, आणि मग बाबूंना मजकूर सांगितला. तो बाबूंनी आम्हाला डोळे मिटून म्हणून दाखवला. "मालकाने माझ्या पतीस कामावर बोलावले तेव्हा मी हजर नव्हते. मला त्याबाबत प्रत्यक्ष माहिती नाही."

"खोटं नव्हतं ते," बाबू म्हणाले. "ते खरंच नव्हती तिथं. साहेब बी चांगले व्हते. कायद्याले जेवढं लागते तेवढं घेतलं. पण दहा मिनटाच्या दोन ओळी झाल्या. अन् मले त्या दोन ओळीच याद हायेत. बाकी ते काय बोलली, त्याच्यातला एक शब्द नाही. मी तिथंच व्हतो, चार हातावर. मी पुढच्या साक्षीचा कागद चढवून राह्यलो व्हतो."

नाटक त्या बाईचं होतं. सगळं लिहून झालं होतं. कोर्ट होतं, साहेब होते, टायपिस्ट होता. ती उभी राहते आणि बोलायला तोंड उघडते, तिथे पान कोरं.

"तुम्हीच लिहा ना," मी म्हणाले. "नाटकच आहे ते."

"माह्या मनचं तिच्या तोंडी घालू?" ते म्हणाले. "मंग पुन्हा तेच केलं ना म्या."

मला तेव्हा ते जरा अतीच वाटलं. पण घरी जाताना रफिक एक शब्द बोलला नाही, आणि रफिक गप्प बसणं ही साधी गोष्ट नव्हती.

दिवाळीनंतर एका शनिवारी काकूंचा फोन आला. यशोदाबाई अजून आहेत, सोनाळ्यातच लेकाकडे राहतात, असा पत्ता लागला होता. बाबूंना जायचं होतं आणि मी सोबत यावं असं काकूंचं म्हणणं होतं. दुसऱ्या दिवशीच्या वर्गाला सुट्टी दिली होती. मी पहाटेच देऊळघाटला पोचले. बाबू पायात बूट चढवत होते, तेवढ्यात काकूंनी मला चुलीपाशी बोलावलं.

"पोरी, एक सांगतो, कोनापाशी बोलू नको. त्याईले आयकू येत नाही."

मला काही कळेना.

"चार-पाच वर्सं झाले. समोरून ओठ पाह्यले त समजते. ते शेंगांचं काढलं ते त्याच्याच पायी. वाचणाऱ्याचे ओठ पाहून कोनती ओळ चालली ते समजते, पन आवाज आयकू येत नाही, मंग कसं समजाव कुठी जमलं? तं म्हणे हात पाह्यतो." काकूंनी कानाचं मशीन घ्या म्हणून मागे लागून पाहिलं होतं. एकदा घेतलंही. त्यात सगळेच आवाज सारखे मोठे होतात म्हणून त्यांनी ते डब्यात घालून ठेवलं. "तिथली म्हातारी कशी बोलते कोन जाणे. तुहे ओठ त्याईले समजतात. तू सांग त्याईले."

वहीतली ती शिकवण मला आठवली आणि हसू की रडू असं झालं. आम्हाला सगळ्यांना ऐकायला शिकवणाऱ्या माणसाने आमचं एकही नाटक ऐकलं नव्हतं. आणि तरी त्यांची एकही खूण कधी चुकली नव्हती.

शेगावला गाडी बदलून सोनाळ्याला पोचेपर्यंत दुपार झाली. समोर सातपुडा आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस. यशोदाबाई लेकाच्या घराच्या ओट्यावर बसल्या होत्या. अंगाने अगदी बारीक झालेल्या, दात गेलेले, त्यामुळे ओठ आत वळलेले. बाबूंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. त्या ओठांवरून त्यांना काही वाचता येणार नव्हतं.

मी बाईंना सांगितलं, हे तुमच्या केसच्या वेळी कोर्टात टाइप करत होते. तुम्ही तेव्हा काय बोललात ते त्यांना विचारायचंय. बाईंनी बाबूंना खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि बोलायला सुरुवात केली. हळू, थांबत थांबत, मधे सुनेला पाणी आणायला सांगत, नातवाला हुसकत. बाबूंची बोटं मांडीवर तयार होती पण हलत नव्हती. बऱ्याच वेळाने बाई थांबल्या.

"काय म्हणते?" बाबूंनी मला विचारलं.

"त्यांना आठवत नाही म्हणतात," मी म्हणाले. "फार वर्षं झाली."

बाबू माझ्याकडे पाहत राहिले. रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "मास्तरीण, ते पाच-दहा मिनिटं बोलली. एवढंच बोलली काय?"

दोन वर्षं त्या शेडमध्ये बसून मी जे शिकले होते ते सगळं मी त्या ओट्यावर एका वाक्यात बुडवलं होतं. प्रश्नाचं तेवढं उत्तर मी उचललं आणि बाकी टाकून दिलं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. मी बाईंचा हात धरला आणि म्हणाले, आजी, माझी चूक झाली, पुन्हा सांगता का? आणि मी ओट्यावरून उतरून बाबूंच्या समोर जमिनीवर बसले. बाई एक वाक्य बोलायच्या, ते जसंच्या तसं मी त्यांच्याकडे तोंड करून म्हणायची.

"तिथं काय बोलली ते मले याद नाही," बाई म्हणाल्या. मी म्हणाले. "एवढं याद हाय का तू मान वर नाही केली. म्या बोलून राह्यली अन् तू त्या खटखट्याकडे पाहून राह्यला. म्या मनात म्हणलं, यानं उल्लीशी मान वर केली त मी नीट सांगतो."

बाबूंनी मान हलवली. बोटं अजून थांबलेलीच होती.

"काय बोलली असन? बाहीचंच बोलली असन. त्याच्या सदऱ्याची बाही उसवली व्हती. लोंबून राह्यली व्हती. सकाळी म्हणे, दोन टाके घाल. म्या म्हणलं, भाकरी टाकून राह्यली, संध्याकाळी घालतो. तसाच गेला. मंग त्याले आणलं त बाही नव्हती अंगात. मशीननं बाही धरली अन् त्याले ओढलं. म्या टाके घातले असते त तो मेला नसता. दुसरं बोलाले माह्यापाशी हाय काय? तिथं बी हेच बोलली असन. कोर्टातलं कोनी काही म्हणलं नाही. मले वाटलं, त्याईले बी पटलं, का याच बाईची चूक हाय."

शेवटची वाक्यं म्हणताना मी पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या न घातलेल्या टाक्यांसाठी रडत होते आणि बाई कोरड्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहत होत्या.

बाबू उठले. बाईंच्या पुढ्यात जाऊन उकिडवे बसले आणि डोळे मिटून, कोर्टाच्या भाषेत, एकेक शब्द टाइप करत असल्यासारखे बोलू लागले. "मयताच्या गळ्यातील दुपट्टा यंत्राच्या पट्ट्यात अडकलेला दिसून आला. पट्ट्यावर झाकण नव्हते. मयताचा सदरा बाहीजवळ फाडून मयतास मोकळे करण्यात आले." मग डोळे उघडून म्हणाले, "पंचाच्या साक्षीतला पंचनामा हाय, माय. म्या टाइप केला. मले पाठ हाय. बाहीनं नाही ओढलं त्याले. दुपट्ट्यानं ओढलं. बाही लोकाईनं फाडली, त्याले काढासाठी. तू दहा टाके घातले असते तरी तेच झालं असतं."

बाईंनी विचारलं, "हे तवा कोनी सांगतलं काऊन नाही?"

मी ते बाबूंना सांगितलं. ते म्हणाले, "म्या मान वर केली नाही ना, माय."

बाईंनी सुनेला हाक मारून चहा टाकायला सांगितलं. बाबूंच्या गुडघ्यावर हात ठेवून त्या तशाच बसून राहिल्या. चहा आला तरी हात काढला नाही. परतीच्या गाडीत शेगावपर्यंत बाबूंची बोटं चालू होती, आणि डावा हात पुन्हा पुन्हा उजवीकडे सरकत होता. शेजारचा प्रवासी घाबरून दुसऱ्या जागेवर जाऊन बसला.

जानेवारीत बाबूंनी स्वतःला तारीख दिली. त्या रविवारी झाडून सगळे आले. जुने, सोडून गेलेलेही आले. यशोदाबाईंच्या लेकालाही निरोप होता. आईला आता प्रवास झेपत नाही, पण नाटक करा म्हणाली, असा त्याचा उलटा निरोप आला. फाइलची लाल फीत सोडून बाबूंनी प्रती वाटल्या. यशोदा मी वाचायची होती, साहेब रफिकने. लाल पेन्सिल कुणाकडे द्यायची हा प्रश्न होता, ती एका नव्या मुलीकडे दिली. आणि मग बाबू उठले, शेंगांचं सूप घेतलं आणि आमच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसले.

त्यांना आमचे हात दिसणार नव्हते. आवाज तर येतच नव्हता. आपलं नाटक कुठे पोचलं आणि कुठे नाही, ते त्यांना कळायचा काहीच मार्ग उरला नव्हता. मी त्यांच्या समोर जाऊन खुणेने म्हणाले, आज इकडे तोंड करून बसा. त्यांनी मान हलवली. "नियम सगळ्याईले सारखा," म्हणाले. इतरांना यातलं काही माहीत नव्हतं. रफिकला वाटलं मी उगाच मान देतेय.

मी जागेवर येऊन बसले. वाचायला तोंड उघडणार, तेवढ्यात काकू घरातून आल्या. त्या कधीच वर्गात बसत नसत. त्यांनी पदर खोचला, टोपलं कमरेवर घेतलं, आम्हाला ओलांडून गेल्या, आणि बाबू व भिंत यांच्या मधे जी दोन हात जागा होती तिथे बाबूंकडे तोंड करून बसल्या. टोपलं मांडीवर घेऊन शेंगा फोडायला लागल्या. बाबूंनी आपल्या सुपातली एक शेंग उचलली आणि त्यांच्या हातांवर नजर लावली.

आम्ही वाचायला लागलो. रफिकचा साहेब छान झाला. टरफलं वाजत होती, काकूंचे हात सराईतपणे चालत होते, एका मिनिटाला वीस शेंगा. यशोदा साक्षीला उभी राहिली. साहेबांनी विचारलं, तू तिथे होतीस का? नाटकात आता कोरं पान नव्हतं. पहिलं वाक्य होतं, "यानं उल्लीशी मान वर केली त मी नीट सांगतो." पुढे बाही होती, भाकरी होती, संध्याकाळी घालायचे टाके होते. सगळं सोनाळ्याच्या ओट्यावरचं, एका शब्दाचीही भर नाही. माझ्या मागच्या-पुढच्या चटचटीचा आवाज विरळ होत गेला आणि मग शेडमध्ये माझ्या आवाजाशिवाय काही उरलं नाही. मी कागदावरून नजर उचलली.

बाबूंची पाठ दिसत होती, आणि तिच्या बाजूने काकूंचे हात. अंगठ्याखाली अर्धी दाबलेली शेंग तशीच धरलेली होती. त्या बाबूंकडे पाहत नव्हत्या, खाली टोपल्याकडे पाहत होत्या. बाबू त्या थांबलेल्या हातांकडे पाहत होते. मग त्यांनी आपली शेंग सुपात परत ठेवली. मांडीवर चालणारी बोटं हळूहळू मिटली, आणि त्यांनी मान वर केली.